अंगठ्याखालचं नाव

डॉक्टर, काल दुपारी तुमच्या छातीचा फोटो मी कायमचा पुसला. आमच्या एक्स-रे सेंटरच्या मालकांचं फर्मान आलं होतं की फोटो साठवायची जागा भरत आली आहे, जे पेशंट हयात नाहीत त्यांचे जुने फोटो काढून टाका. यादी माझ्याकडेच आली, कारण रोह्याच्या या सेंटरमध्ये सगळ्यात जुनी मीच. यादीत खाली खाली जात असताना तुमचं नाव आलं. पुढे वय, गाव पेण, छाती, समोरून. नावाच्या कडेला एक चौकोन होता, त्यात खूण केली की फोटो जातो. मी खूण केली. पडद्यावर प्रश्न आला, नक्की का, म्हणून. मी नक्की म्हटलं आणि गार होत आलेला चहा प्यायले. तुम्ही जाऊन आठ वर्षं झाली आणि तुमच्याशी बोलायचं काही उरलंय असं मला वाटत नव्हतं. पण संध्याकाळी घरी येऊन भात लावला, तेव्हा लक्षात आलं की सेंटरमधून निघाल्यापासून मी मनात तुमच्याशीच भांडते आहे, आणि भांडताना माझ्या तोंडात शब्दही तुमचेच येताहेत. म्हणून लिहायला बसले.

तुमच्याकडे कामाला आले तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. लग्न मोडून वर्ष झालं होतं आणि मी परत बाबांकडे राहत होते. आमचं गाव कासू स्टेशनपासून आत, अर्ध्या तासाच्या चालीवर. भाताची शेती, आणि भात कापला की त्याच जमिनीच्या ओलीवर वाल. ती जमीन एके काळी तुमच्या आजोबांची होती. कूळकायद्यात ती आमची झाली, पण दर वर्षी नव्या वालाची पिशवी घेऊन पेणला तुमच्या घरी जायची सवय बाबांची काही सुटली नाही. कुणी मागितलेले नसायचे ते वाल. अशीच पिशवी मागच्या दारी ठेवताना बाबांनी तुम्हाला विचारलं, पोरीला काय काम भेटेल का. तुम्ही म्हणालात, अंधाराला भीत नसेल तर पाठव. मला वाटलं तुम्ही थट्टा करताय. दुसऱ्या दिवशी कळलं की नाही. एक्स-रेच्या फिल्म ज्या काळोख्या खोलीत धुवायच्या, ती जिन्याखालची खोली तुम्ही मला दाखवलीत. एक लाल दिवा, तीन टाक्या, खिडकी नाही. त्या औषधांचा आंबूस वास हाताला, केसाला, डब्यातल्या भाकरीलासुद्धा लागायचा. दुपारी काकू, तुमच्या मंडळी, मला दवाखान्यामागच्या तुमच्या स्वयंपाकघरात बोलवायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी माझे हात हुंगले, लिंबाची फोड घेतली आणि माझ्या दोन्ही तळव्यांवर चोळली. मग ताट वाढलं. बाबांनीच आणून दिलेल्या वालाचं बिरडं होतं. तुमच्या घरात इतक्या मायेने माझ्या हाताला कुणी हात लावेल असं मला वाटलं नव्हतं, म्हणून मी मान खाली घालून जेवले.

तुम्ही मला शिकवलंत, हे मी नाकारत नाही. पण कसं शिकवलंत तेही लिहिते. माझ्या तोंडून ‘व्हय’ गेलं की बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटकडे बघून तुम्ही म्हणायचात, “ऐकलंत का? व्हय म्हणते! आमच्याकडे आता कासूचं विद्यापीठ आलंय.” लोक हसायचे. त्यांतले निम्मे स्वतः घरी व्हयच म्हणत असतील, तरी हसायचे. एकदा मी उजव्या हाताच्या फिल्मवर डाव्याची खूण लावली. तुम्ही ती ओली फिल्म तशीच बाहेर आणलीत, सगळ्यांसमोर मला माझा उजवा हात वर करायला लावलात आणि म्हणालात, “ह्याने जेवतेस ना? मग विसरतेस कसा? जा, भात लाव जा.” मी हात खाली घेतला तर तुम्ही म्हणालात, अजून नाही. शेवटचा पेशंट जाईपर्यंत मी तशी उभी होते. त्यानंतर उजवं-डावं माझ्याकडून कधीही चुकलेलं नाही. हेच तुम्ही पुढे प्रत्येकाला अभिमानाने सांगायचात.

आणि तुमचा तो दुपारचा खेळ. काम संपत आलं की तुम्ही सुकलेल्या फिल्ममधली एखादी उचलायचात, उजेडाच्या पेटीवर लावायचात आणि म्हणायचात, “वाच.” वाचणं हे तुमचं काम होतं, माझं नव्हे. पण कोपऱ्यातल्या नावावर अंगठा ठेवून तुम्ही मला वाचायला लावायचात, आणि चुकले की बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात माझी अक्कल काढायचात. मी चिडून शिकले. बरगड्या मोजायला शिकले, हृदयाची कड ओळखायला शिकले, क्षयाचा डाग कसा असतो आणि गाठ कशी असते ते शिकले. दोन वर्षांत मी दहांतल्या आठ बरोबर सांगायला लागले. मग मला त्या खेळाची गोडी लागली. खरं सांगते, दुपारची मी वाट बघायचे.

बाबांना खोकला सुरू झाला होता. मीच त्यांना म्हटलं, डॉक्टरांना दाखवू. त्या मंगळवारी ते माझ्याबरोबर सकाळच्या गाडीने पेणला आले. धुतलेला सदरा घातला होता. त्यांचा फोटो तुम्ही स्वतः काढलात, कारण मी आत अंधारात आधीच्या फिल्म धूत होते. मग आठ-नऊ फिल्म एकदम आत आल्या. लाल उजेडात नाव कोण वाचतंय. मी त्या धुतल्या, वाळत घातल्या, आणि बाहेर येऊन बाबांना पाणी दिलं. ते बाकावर बसले होते, दोन्ही हात मांडीवर ठेवून, दुसऱ्याच्या घरी बसतात तसे. दार उघडंच होतं. तुम्ही हाक मारलीत. उजेडाच्या पेटीवर एक छाती होती आणि कोपऱ्यावर तुमचा अंगठा. “वाच,” म्हणालात.

मी वाचलं. डॉक्टर, मी इतकं छान वाचलं. बाबा बाहेर आहेत, त्यांना ऐकू जाऊ दे आपली पोर काय शिकली ते, असं मनात होतं. म्हणून मोठ्याने वाचलं. उजव्या फुफ्फुसाच्या मुळाशी गाठ आहे. क्षय नाही, क्षय असा दिसत नाही. आजूबाजूला पसरलंय. इथे पाणीपण झालंय. तुम्ही म्हणालात, “मग?” मी म्हटलं, “कॅन्सर असणार. खूप पुढे गेलाय. हा माणूस नाय वाचायचा.” तुम्ही म्हणालात, “शाब्बास. एकही चूक नाही.” आणि अंगठा काढलात.

नाव माझ्या बाबांचं होतं. मी तुमच्याकडे पाहिलं. तुमच्या चेहऱ्यावर दुष्टपणा नव्हता, हेच मला आजवर पचलेलं नाही. मास्तरांच्या चेहऱ्यावर गणित सुटल्यावर जे असतं ते होतं. तुम्ही हळू आवाजात म्हणालात, “आता पुढे कुठलीही फिल्म वाचताना तुला माणूस आठवेल. हे पुस्तकात शिकवत नाहीत.” आणि हात धुवायला गेलात.

परतीच्या गाडीत बाबा खिडकीशी बसले होते. मग म्हणाले, “गो बाय, तो माणूस कोण व्हता?”

“कुठला?”

“तू सांगत व्हतीस तो. नाय वाचायचा म्हणालीस.”

“कुणी नाय. जिते गावचा व्हता एक.”

“त्याच्या घरी म्हायती हाय?”

“नाय अजून.”

“मग एवढ्या मोठ्यानं कशाला बोललीस? भायेर बसला असंल बिचारा.” एवढं म्हणून त्यांनी डोळे मिटले. त्यांना कळलं होतं की नव्हतं, मला माहीत नाही. त्यांनी नंतर कधी विषय काढला नाही आणि मीही काढला नाही.

पुढचं तुम्हाला माहीत असायला हवं होतं. तुमच्याच चिठ्ठीवर आम्ही बाबांना मुंबईच्या इस्पितळात नेलं. ती फिल्म मी ओढणीत गुंडाळून नेली, वाकू नये म्हणून गाडीभर उभी धरली. तिथे वॉर्डात कुणी तरी ती घेतली आणि हरवली. परत फोटो, परत रांग, परत दुसऱ्या डॉक्टरांची तारीख. तीन आठवडे गेले त्यात. वाचले नसतेच ते, माझंच निदान होतं ते. पण ते तीन आठवडे त्यांनी घरी अंगणात काढले असते, ते इस्पितळाच्या जिन्यात काढले. तेराव्यानंतर मी कामावर आले, तेव्हा तुम्ही एक जाडजूड पुस्तक माझ्यापुढे टाकलंत. इंग्रजीत होतं, माणसाच्या शरीराची चित्रं. “रडून झालं असेल तर हे वाच,” म्हणालात. मी घरी नेऊन उघडलं, तर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत प्रत्येक हाडाच्या इंग्रजी नावाखाली तुम्ही पेन्सिलीने बारीक अक्षरात देवनागरीत उच्चार लिहिला होता. तीनशेच्या वर पानं. माझ्या सुट्टीत बसून लिहिलं असणार. त्याच पुस्तकावर मी पुढे मुंबईला जाऊन एक्स-रे टेक्निशियनचा कोर्स केला, आणि तुम्ही माझी जागा रिकामी ठेवलीत. हेही लिहिते, कारण नाही लिहिलं तर तुमचा द्वेष करणं फार सोपं होईल, आणि ते तितकं सोपं कधी नव्हतं.

मग काळ बदलला. फिल्म गेल्या, संगणक आले. एक दिवस एका कंपनीचा माणूस तुमच्याकडे आला होता. तो तुम्हाला समजावत होता की फोटो आता क्लाउडवर टाकायचे, म्हणजे इंटरनेटवरून दूरच्या संगणकात साठवायचे, आणि पुण्यात किंवा कुठेही बसलेला डॉक्टर तो वाचून अर्ध्या तासात रिपोर्ट पाठवतो, पेशंटच्या डॉक्टरलाही त्याच वेळी मोबाइलवर दिसतो. तुम्ही त्याला उभ्यानेच वाटेला लावलंत. “माझे डोळे मी भाड्याने देत नाही आणि दुसऱ्याचे घेत नाही,” म्हणालात. वाक्य छान होतं. पण पुढच्या वर्षभरात तुमच्या बाकावरचे लोक कमी कमी होत गेले. मला रोह्याच्या सेंटरमधून बोलावणं आलं आणि मी तुम्हाला सांगायला आले, तेव्हा तुम्ही वर्तमानपत्रातून मान वर केली नाहीत. “जा. बटनं दाब. माकडांनाही शिकवतात आजकाल.” दोन वर्षांत तुमचं दार बंद झालं.

मी बटनं दाबली, डॉक्टर. पहिल्याच महिन्यात इथल्या कारखान्यातला शिफ्टवरचा एक माणूस शिडीवरून पडला म्हणून आणला होता. त्याच्या डोक्याच्या सीटी स्कॅनचे फोटो मी पाठवले, आणि अँब्युलन्स वाटेतलं वडखळ ओलांडायच्या आत मुंबईच्या सर्जनने ते बघून ऑपरेशनची तयारी केली होती. तो माणूस जगला. त्या दिवशी ओढणीत गुंडाळलेली ती फिल्म आठवून मी बाथरूममध्ये जाऊन रडले. कुणाचाही फोटो आता वॉर्डात हरवत नाही. यासाठी मी तुम्हाला सोडलं असतं तरी चाललं असतं. पण मी त्यासाठी सोडलं नव्हतं. मला तुमचा बाक रिकामा झालेला बघायचा होता.

आणि मग भाद्रपदातल्या एका सकाळी तुम्ही आलात. पेणहून गाडीने, काकूंना घेऊन. पेणातच दोन ठिकाणी फोटो निघत होते, पण तिथे सगळे ओळखीचे. तुम्ही वाळला होतात, कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. काकूंनी मला जवळ घेतलं. तुम्ही सरळ कामाचं बोललात. “दोन महिने खोकला आहे. छातीचा फोटो काढ, मला पडद्यावर दाखव आणि पुसून टाक. त्या ढगाबिगात टाकायचा नाही. पेणात कुणाला कळता कामा नये.”

“तसं होत नाय, डॉक्टर,” मी म्हटलं. “काढला की आपोआप जातो.”

ते खोटं होतं. फोटो रोखून ठेवायची सोय होती, आजही आहे. मी रोखला नाही. उलट फोटो कुणाला दिसावा त्या यादीत मी पेणच्या त्या नव्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांचं नाव घातलं, ज्यांच्याशी तुम्ही वाटेतही बोलत नव्हता.

फोटो पडद्यावर उमटला आणि मला एका क्षणात कळलं. मला रिपोर्टची गरज नव्हती, तुम्हीच शिकवलेली होते. तरी मी पाठवला, आणि वीस मिनिटांत रिपोर्टही आला. मी जे वाचलं तेच त्यात होतं. आमच्या संगणकावर एक सोय आहे. शिकाऊ मुलांना फोटो दाखवताना पेशंटची अब्रू राहावी म्हणून नाव, वय, तारीख सगळं झाकता येतं. मी ते झाकलं. मग बाहेर येऊन म्हटलं, “डॉक्टर, तुमचा फोटो पडद्यावर यायला वेळ आहे जरा. तोवर एक फोटो बघता का? कालचा आहे. वरून रिपोर्ट आलाय, पण मला पटत नाय.”

तुमचा चेहरा कसा उजळला. किती वर्षांत कुणी तुम्हाला विचारलं नसेल. तुम्ही काकूंना म्हणालात, “बघ, अजून लागतो मी.” आत येऊन खुर्चीवर बसलात, चष्मा पुसलात. काकू मागे स्टुलावर बसल्या. माझ्या हाताखालची एक नवी मुलगी तिथे काम करत होती, तिलाही तुम्ही हाक मारलीत. “ये, शिकून घे. हे तुमचे पुण्यातले पोरटे असं वाचणार नाहीत.”

आणि तुम्ही वाचायला लागलात. आवाज तोच, पूर्वीचा. गाठ कुठे, केवढी, कशी पसरली, एकेक करून. मुलीला म्हणालात, “ह्या गृहस्थाने पंचवीस वर्षं सिगरेट ओढली असणार आणि बायकोला सांगितलं असणार की सोडली.” स्वतःच हसलात. मी विचारलं, “किती दिवस?” तुम्ही म्हणालात, “दिवाळी बघेल. होळी नाही. ह्याला मुंबईला नेऊन घरच्यांना राबवू नका.” मग तुमच्या नेहमीच्या पद्धतीने, काही राहायला नको म्हणून, बोटाने बरगड्या मोजायला लागलात. “पाच, सहा… ही सातवी बघ, डावी. जुनी मोडलेली आहे. वाकडी जुळली.”

मागून काकू म्हणाल्या, “अगं बाई, तुमच्यासारखीच की हो. स्कूटरवरून पडलात तेव्हाची.”

तुमचं बोट पडद्यावर तसंच राहिलं. मुलगी माझ्याकडे बघत होती. काकू अजून हसत होत्या, योगायोग म्हणून. मग त्यांची नजर तुमच्या बोटावर गेली. त्या उठल्या, स्टूल आडवं झालं, आणि त्यांनी माझा दंड धरला. “कुणाचा फोटो आहे गो हा?” मी तुम्हाला रडवायला निघाले होते, डॉक्टर. तुम्ही रडला नाहीत. माझ्यासमोर माझ्या हातावर लिंबू चोळणारी बाई उभी होती आणि मी तिला उत्तर देत नव्हते.

तुम्ही चष्मा काढलात. “मी बरोबर वाचलं ना?”

“व्हय, डॉक्टर.”

या वेळी तुम्ही माझी नक्कल केली नाहीत. “नाव का झाकलंस?”

“तुम्ही अंगठा ठेवला होतात.”

“कुठे?”

“माझ्या बाबांच्या फोटोवर. तुम्ही मला वाचायला लावलंत. बाबा बाहेर बसले होते.”

तुम्ही आठवायचा प्रयत्न केलात. तो प्रयत्न मी जवळून पाहिला. कपाळावर आठी आली, नजर वर गेली, पुन्हा खाली आली. तुम्हाला काही सापडलं नाही. “तुझ्या वडिलांचा फोटो मी काढला होता?” तुम्ही विचारलंत. इतक्या वर्षांत हजारो छात्या पाहिल्या असतील तुम्ही. तुम्हाला माझे बाबा आठवत नव्हते. आठवले काकूंना. भिंतीला टेकून, तोंडावर पदर धरून त्या म्हणाल्या, “अहो, वाल घेऊन यायचे ते.”

तुम्ही म्हणालात, “हो का,” आणि सदऱ्याची बटणं लावायला लागलात, वरची खाली, खालची वर. काकूंनी ती पुन्हा काढून नीट लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला. आदल्या संध्याकाळी ते पेणचे डॉक्टर दोन सहकाऱ्यांना घेऊन तुमच्या घरी आले होते. भली माणसं ती. काय लागेल ते करू, म्हणाली. तुम्ही दारातच त्यांना विचारलंत, तुम्हाला कुणी सांगितलं? त्यांतल्या तरुण डॉक्टरने खिशातून मोबाइल काढला आणि तुमची छाती तुम्हाला तुमच्याच उंबऱ्यावर दाखवली. त्यानंतर तुम्ही पुढच्या खोलीत बसणं बंद केलंत. शेजारीपाजारी भेटायला येत, तुम्ही मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपत. काकूंनी एवढंच विचारलं, “तू पाठवलास का गो तो फोटो?” मी म्हटलं, “यंत्रच पाठवतं, काकू.” त्या म्हणाल्या, “मग असू दे.”

तुम्ही दिवाळी पाहिलीत. होळीच्या आठ दिवस आधी गेलात. एकही चूक नाही. मी आले नाही, त्या दिवशी मी दोन पाळ्या काम केलं.

मला पश्चात्ताप झाला असं इथे लिहायला हवं, पण या कागदावर तरी खोटं कशाला. तुमच्यासाठी नाही झाला. त्या आठवड्यात मला शांत झोप लागली. राग मात्र गेला नाही, उलट वाढला, कारण तुम्हाला आठवलंच नाही. आठवलं असतं, तुम्ही मान खाली घातली असती, किंवा निदान मला शिवी दिली असती, तर ते सगळं तिथे संपलं असतं. मी एका माणसाचं मरण त्याच्याच तोंडून वदवलं, आणि त्याला ते कशासाठी तेच कळलं नाही. माझ्या हाताखालच्या त्या मुलीने पुढच्या महिन्यात नोकरी सोडली. जाताना म्हणाली, “ताई, मला तुमची भीती वाटते.” तिच्या जागी आलेल्या मुलीला मी परवा चुकीवरून बोलत होते, तर तिने आपणहून हात मागे लपवले. मी तिला काही करायला लावलं नव्हतं. तरी तिने लपवले.

हे पत्र कुठे पाठवायचं हा प्रश्न नाही, तुम्हाला पाठवायची सोय कुणीच केलेली नाही. काकूंना द्यावं असं आज दोनदा वाटलं. त्यांना द्यायचं तर यंत्राचं खोटं आधी सांगावं लागेल, आणि तेवढा धीर मला नाही. शिवाय दुसरंही एक आहे. मागच्या महिन्यात काकू इथे आल्या होत्या. गुडघ्याचा फोटो काढायला, शेजारणीला धरून. पेणात न काढता एवढ्या लांब त्या का आल्या असतील ते मला कळतं. यादीत नाव दिसल्याबरोबर मी मुलीला पुढे केलं. काकूंचे गुडघे मी पडद्यावर पाहिले, पार झिजलेत, आणि पेणच्या डॉक्टरांना पाठवून दिले. जाताना त्यांनी मुलीला विचारलं, ती आहे का गो आत, नुसतं बघून जाते. मुलीने दार वाजवलं. मी सांगितलं, रजेवर आहे म्हण. त्या बाकावर अर्धा तास बसून होत्या, गाडीची वेळ होईपर्यंत. मला त्यांचा आवाज ऐकू येत होता. दाराची कडी मी आतून लावून घेतली होती.